सुलतानानं धुतलेले फोटो

अहेरीच्या बाजारओळीत नूर फोटो स्टुडिओ होता, तेव्हा लोक म्हणायचे की नूर मोहम्मदसारखा फोटो आलापल्लीपासून सिरोंच्यापर्यंत कोणी काढत नाही. ते खरंच होतं. पण तो फक्त काढायचा. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं, दोन बोटांनी हनुवटी वर करायची, डोळे लववू नका म्हणायचं, की त्याचं निम्मं काम झालं. उरलेलं काम मागच्या अंगणात विहिरीजवळ व्हायचं. तिथपर्यंत गिऱ्हाईक कधी गेलं नाही. तिथे सुलताना बसलेली असायची.

सुलताना म्हणजे नूर मोहम्मदची बायको, सिंदेवाहीच्या बांगडीवाल्याची लेक. दुसरी पास झाली आणि धाकट्या भावाला खेळवायला घरी बसली, ती पुन्हा शाळेत गेलीच नाही. लग्न ठरलं तेव्हा तिला सांगितलं होतं की मुलगा दुकानदार आहे. तिला वाटलं, बरं झालं, तो गल्ल्यावर बसेल, आपण चुलीपुढे. हातावरची मेंदी उतरायच्या आत नवऱ्यानं तिच्यापुढे ओल्या कागदांनी भरलेलं घमेलं आणून ठेवलं आणि म्हणाला, हे धू. तिनं विचारलं, कागद कोणी धुतं का? नूर मोहम्मद म्हणाला, आपल्या घरी धुतात.

मग हळूहळू तिला कळलं. अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली कोरा कागद औषधाच्या पाण्यात टाकला की त्यावर माणूस वर येतो. तो पुन्हा पुसला जाऊ नये म्हणून त्याला हायपो नावाच्या औषधाच्या पाण्यात बुडवायचं. आणि तो हायपो कागदातून पुरता निघाला नाही, तर दोन-चार वर्षांत माणूस पिवळा पडतो, कावीळ झाल्यासारखा. म्हणून धुवायचं. विहिरीचं पाणी ओढायचं, घमेल्यात ओतायचं, कागद उलटे-पालटे करायचे, पाणी फेकायचं, पुन्हा ओढायचं. घासलेल्या काचेवरून बोट फिरवलं की करकर आवाज येतो, तसा कागदावरून आला पाहिजे. तोवर सोडायचं नाही. मग चकचकीत पत्र्यावर चिकटवून उन्हात वाळवायचं. वाळला की आपोआप सुटून पडतो आणि आरशासारखा चमकतो.

या कामापायी तिची नखं तपकिरी झाली ती कायमची. हिवाळ्यात बोटांना भेगा पडायच्या. सासू म्हणायची, हिच्या हातची भाकरी दवाखान्यासारखी लागते. शेजारणी विचारायच्या, तू दिवसभर विहिरीवर करतेस तरी काय? ती म्हणायची, अहेरीतल्या सगळ्या लोकांची तोंडं धुते. त्यात खोटं काही नव्हतं. तालुक्याच्या साहेबापासून जंगलातल्या मजुरापर्यंत सगळे तिच्या घमेल्यात पालथे पडून गेले होते. काही माणसं समोर आली तर तिला हसू आवरत नसे. बाजारात मिशीला पीळ देऊन चालणारा माणूस पाण्यात कसा दिसतो, हे तिनं पाहिलेलं असायचं.

तिच्या स्वतःच्या घरात मात्र भिंतीवर एकही फोटो नव्हता. घरात नमाज व्हायची, तिथे तसबीर चालत नाही. तिनं कधी हट्ट केला नाही. कागदावरचा माणूस आपल्या हातून जातो, भिंतीवर दुसऱ्याच्या बसतो, एवढं तिला पुरे होतं.

नदीकाठच्या ढिवरटोल्याचं, मासेमारांच्या वस्तीचं, मात्र निराळं होतं. प्राणहिता नदी त्या लोकांना खायला घालायची आणि तीच एखाद्या पुरात माणूस ठेवून घ्यायची. ज्याचं प्रेत सापडलं त्याचं सगळं रीतीनं होई. ज्याचं सापडलं नाही तो मधेच लटकलेला राही. पितरांच्या दिवसांत त्याच्या नावानं पान वाढता येत नसे. त्याला आधी घरी आणावं लागे. जुन्या काळी त्याची आई नाहीतर बायको कमरेइतक्या पाण्यात उतरायची, नाव घेऊन हाक मारायची आणि पाण्याखाली हाताला लागेल तो गोटा उचलून आणायची. तो गोटा देवाजवळ बसायचा. पुढे फोटो निघाले, तेव्हा लोकांना गोट्यापेक्षा फोटो बरा वाटला. कोणालाही वाटेल. गोट्याला नाक-डोळे कुठे असतात. मग सुपात तांदूळ पसरून त्यावर फोटो न्यायचा, हाक मारून पाण्यात पुरता बुडवायचा आणि वर काढायचा. चेहरा जसाच्या तसा वर आला, म्हणजे माणूस आला. त्याला हळदकुंकू लावून घरात घ्यायचं. हाक मात्र एकदाच मारायची. नदीला दोनदा मागत नाहीत.

पहिल्यांदा वारलू नावाचा म्हातारा आपल्या भावाचा असा भिजवलेला फोटो चौकटीत बसवायला दुकानात घेऊन आला, तेव्हा नूर मोहम्मद घाबरला. कागद थोडा वळला होता, पण भाऊ होता तसाच होता, भुवयांचा केसन् केस शाबूत. सगळी हकीकत ऐकल्यावर नूर मोहम्मद हसला आणि म्हणाला, वारलूभाऊ, नदी आता काय धुवेल याले, माह्या घरवालीनं आधीच धुवून ठेवला. ते टोल्यात पसरलं. तेव्हापासून तिकडची माणसं फोटो घेताना एवढंच विचारायची, बाईनं धुतला ना? धुतला म्हटलं की फोटो उलटा करूनही न पाहता पदरात बांधायची.

आपण धुतलेल्या कागदापुढे लोक हात जोडतात हे ऐकून सुलताना आधी तौबा म्हणाली. पण त्यानंतर टोल्याचा फोटो घमेल्यात आला की तिचा हात आपोआप हळू व्हायचा. एखादी बादली जास्त ओढली जायची. नूर मोहम्मदच्या ते ध्यानात आलं होतं.

दोन हजार सालानंतर एका थंडीत नूर मोहम्मद अंधाऱ्या खोलीतच कोसळला आणि चार दिवसांत गेला. एकुलता मुलगा जाहिद तेव्हा चंद्रपूरला संगणकाचा कोर्स करत होता. तो आला आणि त्यानं दुकान हातात घेतलं. मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकायला हवं. कष्टाळू होता, निर्व्यसनी होता, आईचं औषध विसरायचा नाही. फक्त त्याला बापाच्या नावाचा कंटाळा आला होता. जो येई तो म्हणे, नूरभाऊचा हात नाही बाबा राहिला. हे रोज ऐकून कोणीही विटेल.

दोनेक वर्षांत त्यानं डिजिटल कॅमेरा आणला, संगणक आणला, रंगीत छपाईचं यंत्र आणलं. अंधारी खोली दुकानात सगळ्यात थंड, म्हणून संगणक तिथेच बसला. लाल दिवा काढून पांढरी नळी लावली. आता फोटोला ना विहीर लागत होती ना ऊन. बटण दाबलं की यंत्र घरघर करायचं आणि जीभ काढल्यासारखा फोटो बाहेर काढायचं. शाई महाग पडते म्हणून जाहिद इंजेक्शनची सुई घेऊन डबीत सुटी शाई भरायचा. लोकांना मजा वाटू लागली. ज्यानं जन्मात चंद्रपूर पाहिलं नाही तो ताजमहालापुढे उभा राहू लागला. दुकानाच्या दर्शनी काचेत जाहिदनं स्वतःचाच मोठा फोटो लावला, डोळ्यांवर गॉगल आणि मागे बर्फाचे डोंगर. वैशाखात बाहेर रस्त्याचं डांबर वितळत असताना हा आत बर्फात उभा. बायका-पोरं थांबून पाहायची.

सुलताना एकदा भाच्याच्या लग्नाला सिंदेवाहीला गेली आणि परत आली, तर अंधाऱ्या खोलीतली खोकी गायब. नूर मोहम्मदनं आयुष्यभर काढलेल्या सगळ्या फोटोंच्या निगेटिव्हच्या काचा आणि फिल्मा त्यात होत्या. जाहिदनं त्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या होत्या. फिल्मांतून चांदी निघते म्हणे. सुलतानानं एवढंच विचारलं की कोणाला जुना फोटो पुन्हा पाहिजे असला तर? जाहिद म्हणाला, घरचा घेऊन यावा, मी यंत्रात घालून जसाच्या तसा काढून देतो.

"जसाच्या तसा नसते तो," ती म्हणाली. "तुह्या फोटोत जीव नाई जाहिद. तो छापलेला आहे. लग्नाची पत्रिका छापते तसा."

"आणि अब्बाच्या फोटोत जीव होता? तूच तर घरात लावू देत नव्हती."

पोरगं बोलण्यात बापावर गेलं होतं.

आणि खरं सांगायचं तर त्याच्या यंत्राचं तिला कौतुकही वाटलं होतं. गुणवंतराव मास्तर आईचा फोटो घेऊन आले, अर्धा चेहरा वाळवीनं खाल्लेला. जाहिदनं उरलेल्या डोळ्यावरून दुसरा डोळा तयार केला, गाल भरला, पदर जोडला. सुलताना त्याच्या खुर्चीमागे उभी राहून बघत होती. मास्तरांनी फोटो पाहिला आणि तिथेच खाली बसले. वाळवीनं नेलेला डोळा तिला कितीही बादल्या ओतून परत आणता आला नसता. त्या दिवशी तिनं मनात म्हटलं, चल, असेल याच्यातही काही. आपण जुन्या झालो.

त्यानंतर मोठा पूर आला त्या पावसाळ्यात ढिवरटोल्याचा खुशाल नदीनं नेला. त्याची होडी, डोंगा, नदीच्या खालच्या अंगाला सापडला, खुशाल नाही. पाणी उतरल्यावर त्याची बायको गोकुळा दुकानात आली. पदरातून तिनं लग्नाचा फोटो काढला. काळापांढरा, नूर मोहम्मदनं दहा-बारा वर्षांपूर्वी काढलेला, सुलतानानं धुतलेला. डोक्याला मुंडावळ्या बांधलेला खुशाल आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून खाली बघणारी गोकुळा. खुशालचा दुसरा फोटो जगात नव्हता.

ती सुलतानाशीच बोलली, जाहिदशी नाही. तिचं म्हणणं असं की याला घरी आणायचं आहे, पण हा फोटो बुडवता येत नाही, कारण यात मी आहे, मी तर जिती आहे. आणि कातरीनं कापावा तर त्याचा एक खांदा माझ्यामागे गेलेला, तो माझ्याकडेच राहील. अधुरा माणूस कसा आणू? नूरभाऊकडे फिल्म असेल, त्यावरून फक्त त्याचा काढून द्या.

फिल्म भंगारात गेली हे सुलतानानं सांगितलं नाही. जाहिदकडे पाहिलं. जाहिदनं फोटो हातात घेतला आणि म्हणाला, जमते, खांदा मी बनवून देतो, आणि वरून प्लास्टिक चढवून देतो, मग नदीत नाही तर समुद्रात बुडव. गोकुळा मान हलवू लागली. प्लास्टिक नको. पाणी त्याला लागलं पाहिजे. पाणी लागलंच नाही तर नदी त्याला सोडेल कशी?

ती गेल्यावर सुलतानानं जाहिदला बसवून विचारलं की तुझा हा यंत्राचा फोटो पाण्यात टिकतो का? तो म्हणाला, तसा टिकतो. तसा म्हणजे कसा, हे ती विचारत राहिली, तेव्हा त्यानं कबूल केलं की सुटी शाई आहे, भरवसा नाही. पण चंद्रपूरच्या मोठ्या लॅबमध्ये संगणकातलाच फोटो खऱ्या फोटोच्या कागदावर, औषधात धुवून काढतात. तो पाण्याला भीत नाही. मग तिथूनच आण, ती म्हणाली. हे काम इथलं नाही. जाहिदच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. पण तो हो म्हणाला. पाठवतो म्हणाला.

पितरांचे दिवस लागायच्या तोंडावर गोकुळा न्यायला आली. दुकानात तेव्हा दोन-तीन गिऱ्हाइकं होती, जाहिदची बायको कहकशाँ चहा घेऊन आलेली होती. जाहिदनं पाकीट काढून आईच्या हातात दिलं. "आला चंद्रपूरवरून," म्हणाला, आणि संगणकाकडे तोंड केलं.

सुलतानानं फोटो बाहेर काढला. खुशाल एकटा, दोन्ही खांदे पूर्ण, मुंडावळ्यांचा मणी न् मणी दिसत होता. सुंदर होता, नावं ठेवायला जागा नव्हती. तिनं सवयीनं कोपऱ्यावरून बोट फिरवलं. बोट सरकलं नाही. किंचित चिकटलं. तिनं पुन्हा फिरवलं. मग मान वर करून जाहिदच्या पाठीकडे पाहिलं. पाठ हलली नाही.

आता काय करायचं होतं तिनं? गिऱ्हाइकांसमोर, सुनेसमोर म्हणायचं की पोरगा खोटं बोलतो? आधीच सगळे म्हणतात बापाचा हात नाही, त्यात आईनंच शिक्का मारायचा? तिनं स्वतःला समजावलं की नवा कागद असेल, नव्या कागदाचं आपल्याला काय कळतं. फोटो पाकिटात घातला आणि गोकुळाच्या हातात दिला.

"जा घेऊन," ती म्हणाली. "पाण्याले भीत नाई हा."

गोकुळानं पदरात बांधला. या वेळी तिनं विचारलं नाही, बाईनं धुतला ना म्हणून.

पुढचं सुलतानाला बाजाराच्या दिवशी मंगलीकडून कळलं. मंगली टोल्याची, दर आठवड्याला दुकानासमोर सुके मासे घेऊन बसायची. सगळा टोला काठावर उभा होता. गोकुळा पाण्यात उतरली, हाक मारली, फोटो बुडवला. वर काढला तर केसांचा काळा रंग कपाळावरून ओघळत होता. ती पदरानं टिपायला गेली तर डोळा पदराला आला. मग नाक गेलं. तिच्या बोटांमधून काळंनिळं पाणी गळत राहिलं आणि हातात चिखलासारखा पांढरा कागद राहिला. गोकुळा रडली नाही, मंगली म्हणाली. ती हाताकडे बघत पाण्यातच उभी राहिली, दोघींनी धरून बाहेर काढलं.

आणि काठावर उभी असलेली गिरजाबाई, खुशालची आई, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "त्याले हिच्या घरी यायचंच नाई." आदल्या साली नवरा-बायकोचं भांडण होऊन खुशाल महिनाभर बहिणीकडे जाऊन राहिला होता, ते सगळ्यांना आठवलं. आठवायला काय लागतं. आता देवरावनं, म्हणजे टोल्याच्या जाणत्यानं, माणसं बसवली होती. जिच्या हातून नवरा घरी यायला तयार नाही, तिला त्या घरात ठेवायची कशाला, भावाकडे धाडून द्यावी, असं चाललं होतं.

सुलताना मासे न घेताच उठली. दुकानात जाऊन तिनं जाहिदला विचारलं. तो आधी चंद्रपूरचंच नाव घेत राहिला, मग एकदम उसळला. पुरानं रस्ता खचला होता, बस दोन दिवस बंद होती. आणि कशाला पाठवायचा होता चंद्रपूरला? लोकांनी म्हणावं म्हणून, की नूरभाऊचं पोरगं साधा एक फोटो काढू शकत नाही?

"मले वाटलं चार थेंब शिंपडतील. खरंच बुडवते का कोणी? कागद आहे अम्मी तो. कागदाले कोणी नदीत बुडवते?"

"तुह्या बापाचे बुडवत होते. वर येत होते."

ती म्हणाली, आपण टोल्यात जाऊन सांगू, शाई कच्ची होती, खुशालचा काही दोष नाही न् गोकुळाचाही नाही. जाहिद हात जोडू लागला. अम्मी, दुकान बसेल. नदीकाठचं एक माणूस पुन्हा येणार नाही. चार महिन्यांत सगळे विसरतील, ती बाई भावाकडे जाईल, सुखी होईल. हे तो मनापासून बोलत होता. म्हणूनच तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी जाहिद जेवायला आत गेला तेव्हा सुलताना बुरखा घालून दुकानात आली. काचेतला त्याचा बर्फातला फोटो तिनं काढला, गुंडाळून बगलेत घेतला आणि टोल्याकडे जाणाऱ्या ऑटोत बसली.

देवरावच्या अंगणात तिला खाट दिली, पाणी दिलं. ती बोलली. सगळे ऐकून राहिले. मग गिरजाबाई म्हणाली, "बाई, तेव्हा तुमीच सांगतलं, हा पाण्याले भीत नाई. आता सांगून राह्यल्या, भेते. तुमची कोन्ती गोठ खरी धरावं आमी?"

सुलताना म्हणाली, आताची.

"गोकुळाची कीव येऊन राह्यली तुमाले, म्हणून सांगता."

देवरावनंही मान हलवली. सुलतानाच्या शब्दावर टोल्यानं किती माणसं पाण्यात उतरवली होती, आणि आज तिचा शब्द अंगणातल्या कोंबड्यांइतकाही कोणी मोजत नव्हतं. तिनंच तो खर्च करून टाकला होता, गिऱ्हाइकांसमोर, पोराची लाज राखायला.

मग ती उठली. म्हणाली, नदीवर चला. कोणी हललं नाही तरी ती चालू लागली, तेव्हा मागून आले सगळे, बायका, पोरं, गिरजाबाईही. काठावर तिनं बगलेतली गुंडाळी उघडली. जाहिदला सगळेच ओळखत होते. एक बाई पटकन पुढे आली आणि तिचा हात धरला, की बाई, हे काय करता, पोरगा जिता आहे तुमचा. सुलताना म्हणाली, हा कागद आहे. ज्या शाईचा खुशाल, त्याच शाईचा हा. पाहून घ्या.

आणि ती बुरख्यासकट पाण्यात उतरली.

बुडवताना तिला वाटलं होतं, कागदच तर आहे. आयुष्यभर माणसं पाण्यात उलटी-पालटी केली, त्यात विशेष ते काय. पाण्याखाली धरला आणि वर काढला. बर्फ आधी गेला, निळा होऊन. मग गॉगल वितळला आणि गॉगलच्या खाली डोळे नव्हतेच, नुसता पांढरा कागद. गाल ओघळला. हनुवटी, अगदी नूर मोहम्मदसारखी हनुवटी, तिच्या अंगठ्यावर आली. काठावरच्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. सुलतानानं डोळे मिटून घेतले. हात थरथरत होते, ते काही केल्या थांबेनात. कागद तिच्या हातून निसटला आणि धारेला लागला. तिला वाटलं आपण त्याच्यामागे जावं. दोन पावलं गेलीही. मंगलीनं दंड धरून मागे ओढलं.

गिरजाबाई वाहत्या पाण्याकडे बघत म्हणाली, "म्हंजे शाईच नासकी होती." आणि वळली, आणि घराकडे चालू लागली. गोकुळाला भावाकडे धाडायचं बोलणं तिथेच संपलं. माफी कोणी कोणाची मागितली नाही.

ऑटोपर्यंत गोकुळा सुलतानाला पोचवायला आली. ओल्या बुरख्यातून पाणी गळत होतं. सुलतानाला वाटलं आता ही काही चांगलं बोलेल. निदान हात धरेल.

"तुमी बोट फिरवलं होतं बाई," गोकुळा म्हणाली. "दोनदा. मी पाह्यलं होतं."

सुलताना बुरख्याचं ओलं टोक पिळू लागली.

"मी म्हटलं, बाईचं बोट थांबलं, काहीतरी हाये. मंग तुमी म्हटलं जा घेऊन. मी तुमच्या बोटापेक्षा तुमच्या तोंडावर भरवसा ठेवला." एवढं बोलून ती उभी राहिली. ऑटो सुटेपर्यंत उभी होती, पण तिचं लक्ष नदीकडे होतं.

नंतर सुलतानानं स्वतः बसच्या कंडक्टरच्या हाती पैसे देऊन चंद्रपूरच्या लॅबमधून खुशालचा फोटो काढून आणवला. संगणकातलाच होता, पण कागद खरा, औषधात धुतलेला. तिनं तो घरी बादलीत रात्रभर ठेवला, सकाळी काढला, खुशाल होता तसा होता. तिनं मंगलीबरोबर टोल्यात पाठवला. गोकुळानं घेतला, परत केला नाही. पण खुशालला हाक मारून झाली होती. त्या वर्षी पितरांत त्याचं पान वाढलं गेलं नाही, पुढच्या वर्षीही नाही. फोटो गोकुळानं पेटीत तळाशी ठेवला आहे, मंगली म्हणाली, साड्यांच्या खाली. देवाजवळ बसवता येत नाही आणि फेकवत नाही.

नदीकाठची माणसं दुकानात यायची बंद झाली. दुकान मात्र बसलं नाही. बाकी अहेरी होतीच, आणि तिला ताजमहाल हवा होता.

जाहिद आठवडाभर आईशी बोलला नाही. काचेत त्यानं दुसरा फोटो लावला नाही, तिथे फिकट चौकोन तसाच दिसायचा. एके दिवशी दुपारी जेवताना, कहकशाँ वाढून आत गेल्यावर, त्यानं ताटातून मान वर न करता विचारलं.

"टोल्यातला एक माणूस सांगत होता. तू डोळे मिटले म्हणे. हात कापत होते म्हणे तुहे."

सुलताना कांदा चिरत होती.

"माह्या फोटोत जीव नसते म्हणत होती ना तू," जाहिद म्हणाला. "मंग डोळे काऊन मिटले अम्मी?"

तिनं विळी बाजूला सरकवली. उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मग त्याच्या ताटात वरण कमी आहे असं म्हणून भांडं आणायला उठली.